बेटावर दुकान, गिऱ्हाईक समुद्रापलीकडे

परदेशातल्या एखाद्या लहान बेटावर धंदा टाकायला निघालेल्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: ‘तिथे हे अजून कुणी करतच नाही.’ सुट्टीत तो तिथे गेलेला असतो, चार दिवस धड कॉफी मिळालेली नसते, बिघडलेला मोबाइल दुरुस्त करणारं कुणी सापडलेलं नसतं, आणि परतीच्या विमानात मनातल्या मनात दुकानाची पाटी रंगवूनही झालेली असते. कुणी करत नाही हे खरं असेलही. पण याआधी तिघांनी करून पाहिलं आणि गाशा गुंडाळला, हेही खरं असू शकतं. बंद पडलेली दुकानं पर्यटकाच्या नजरेला पडत नाहीत.

माणसं मोजून पाहावीत. सेशेल्सची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. टोंगाची लाखभर, तीही बेटाबेटांवर विखुरलेली. वानुआतुची तीन लाख, पण बेटं ऐंशीहून जास्त. मालदीवमध्ये पाचेक लाख माणसं राहतात आणि त्यांतला मोठा हिस्सा एकट्या माले या राजधानीत दाटीवाटीने. यांतून मुलं वजा करा, घरचं पिकवून आणि समुद्रातलं पकडून भागवणारी कुटुंबं वजा करा, महिन्याचा पगार किराणा आणि भाड्यातच संपणारी माणसं वजा करा. उरलेल्यांत तुमच्या मालाचं गिऱ्हाईक शोधायचं आहे. पहिला दंतवैद्य बऱ्यापैकी कमावतो. दुसरा आला की दोघंही ओढाताणीत. स्पर्धा नाही याचं कारण बहुतेकदा इतकं साधं असतं: दुसऱ्याला पुरेल एवढा बाजारच नाही.

खर्चाचं गणित मात्र मोठ्या देशापेक्षा कडक. बोट वेळेवर येईलच असं नाही, म्हणून माल जास्त भरून ठेवायचा; म्हणजे भांडवल गोदामात अडकून पडतं. शीतपेटीचा कॉम्प्रेसर गेला तर सुटा भाग परदेशातून येणार, तोवर आतली मासळी गेली. म्हणून शहाणा माणूस दोन कॉम्प्रेसर घेतो आणि व्याज दोन्हींचं भरतो. वीज बऱ्याच ठिकाणी अजून डिझेलवर, आणि डिझेलही बोटीनेच येणार. वर आभाळ. २०१५ च्या मार्चमध्ये पाम वादळाने वानुआतुचं जे नुकसान केलं, ते देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या ६४ टक्के होतं. डोमिनिकाचं २०१७ मधल्या मारिया वादळात झालेलं नुकसान वार्षिक उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त भरलं. टोंगात २०२२ च्या जानेवारीत ज्वालामुखीचा स्फोट झाला, समुद्राखालची केबल तुटली आणि मुख्य बेटावरचं इंटरनेट पूर्ववत व्हायला पाच आठवडे लागले. ‘लॅपटॉप असला की कुठूनही काम करता येतं’ म्हणणाऱ्यांनी हे पाच आठवडे ध्यानात ठेवावेत.

ही झाली धंदा करणाऱ्याची बाजू, आणि ती ज्याची त्याने पाहावी. मला बोलायचं आहे ते दुसऱ्या बाजूविषयी. एवढ्याशा बाजारात बाहेरच्या माणसाला येऊ द्यायचं का, आणि द्यायचं तर कशासाठी? फिजीसारख्या देशाने याचं उत्तर यादी करून दिलं आहे: काही धंदे केवळ नागरिकांसाठी राखीव, काहींत परक्यांना ठरावीक अटींवरच प्रवेश. वानुआतुतही राखीव व्यवसाय आहेत. जमिनीचं तर विचारूच नका. फिजीतली ८७ टक्क्यांच्या आसपास जमीन मूळच्या इतौकेई समाजाच्या कुळांची आहे. ती विकता येत नाही, भाडेपट्ट्यानेच मिळते. वानुआतुच्या राज्यघटनेने १९८० सालीच जमीन परंपरेने चालत आलेल्या मालकांची ठरवून टाकली. बाहेरून आलेल्याला हा अन्याय वाटतो. ‘आम्ही पैसा आणतोय, रोजगार देतोय, आणि हे दार लावून बसलेत’ ही तक्रार तिथल्या परदेशी मंडळींच्या बैठकीत ऐकू आली नाही असं होत नाही.

माझं मत असं की दार लावण्यात त्या देशांची चूक नाही. खोली लहान आहे, त्यामुळे आत कोण येतंय हे पाहावंच लागतं. चूक आहे ती कुलपात. जवळजवळ सगळीकडे दारावर एकच गोष्ट विचारली जाते: पैसे किती आणलेत? विचारायला हवं ते वेगळंच: तुमचं गिऱ्हाईक कोण, आमच्यातलंच की समुद्रापलीकडचं?

या प्रश्नाला इतकं महत्त्व का, ते नुकुआलोफाच्या राखेवरून समजतं. १६ नोव्हेंबर २००६ रोजी टोंगाच्या या राजधानीत दंगल उसळली आणि व्यापारी पेठेचा बराचसा भाग जळून गेला. दंगलीचं कारण राजकीय होतं, लोकशाही सुधारणा रखडल्याचा राग होता. पंतप्रधानांशी संबंध असलेलं सुपरमार्केटही जमावाने सोडलं नाही. पण निवडून लक्ष्य झाली ती चिनी दुकानं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सॉलोमन बेटांच्या होनिआरात चायनाटाउन जळलं होतं, आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा जळलं. दोन्ही वेळी भांडण सत्तेचं होतं आणि झळ बसली ती दुकानदारांना.

त्या दुकानदारांचा गुन्हा काय होता? पहाटे उघडायचं, रात्री उशिरा बंद करायचं, थोड्या नफ्यावर विकायचं. गिऱ्हाइकाला तांदूळ आणि डबाबंद मासळी स्वस्त मिळत होती, आणि हा फायदा खोटा नव्हता. मग स्थानिक दुकानदार मागे का पडला? आळशी म्हणून, असं उत्तर परदेशी माणूस पटकन देतो, आणि ते मला फार उथळ वाटतं. फिजीत ‘केरेकेरे’ नावाची रीत आहे. नातलगाने काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. आज तू दे, उद्या मी देईन. पॅसिफिकच्या इतर बेटांवरही या रीतीची भावंडं आहेत. वादळाने घर उडालं, घरात मयत झाली, बोट बुडाली, की हीच रीत माणसाला तगवते. विमा कंपनी नसलेल्या समाजाने शोधून काढलेला तो विमा आहे. पण त्याच रीतीत वाढलेल्या माणसाने दुकान काढलं की सगळं गावच नातलग निघतं. साखर हवी, पैसे नंतर. पाव हवा, पैसे नंतर. ‘आज रोख उद्या उधार’ ही पाटी त्याला लावताच येत नाही, लावली तर तो माणसातून उठतो. बाहेरून आलेल्याला मावशी नाही, चुलता नाही. त्याला नाही म्हणता येतं. स्थानिकावरची त्याची आघाडी मुख्यतः एवढीच, आणि ती कष्टाने मिळवलेली नसून नातं नसण्यातून आयती आलेली आहे.

म्हणून किरकोळ दुकान, टॅक्सी, छोटी खाणावळ असे धंदे राखून ठेवणाऱ्या देशाला मी मागासलेला म्हणणार नाही. बाहेरच्याने तिथे शिरून काय साधतं? गावातला जो पैसा आधीच गावात फिरत होता, तो आता दुसऱ्याच्या गल्ल्यातून फिरतो, आणि त्यातला काही देशाबाहेर जातो. नवीन पैसा आलेला नसतो. मोठ्या देशात अशी हजार दुकानं उघडली-मिटली तरी कुणाला पत्ता लागत नाही. बेटावर दुकान गमावलेला माणूस आणि ते ज्याच्यामुळे गमावलं तो माणूस रोज एकाच धक्क्यावर भेटतात.

या राखीव याद्यांचं खरं दुखणं वेगळं आहे, आणि त्यांची बाजू घेणाऱ्यांनी ते मान्य करायला हवं. पहिलं, त्या सहज चुकवता येतात. नावापुरता स्थानिक भागीदार शोधायचा, त्याला महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची, कागदावर दुकान त्याचं आणि चाव्या यांच्याकडे. बेनामी हा शब्द त्या बेटांच्या भाषांत नसेल, पण प्रकार तोच. यात सगळ्यांचंच नुकसान होतं. सरकारला खरा मालक दिसत नाही, नाव देणारा काही शिकत नाही, आणि बाहेरचा माणूस असल्या भागीदारावर विसंबतो की ज्याने उद्या ‘दुकान माझं’ म्हटलं तर कोर्टात कागद त्याच्याच बाजूने बोलेल. दुसरं, या याद्या न्हाव्याला परक्यापासून वाचवतात, पण न्हाव्याला आणि त्याच्या गिऱ्हाइकाला घरच्या मक्तेदारापासून वाचवत नाहीत. लहान बेटावर सिमेंट आणायचं, पीठ आणायचं, इंधन आणायचं हे धंदे एक-दोन घराण्यांच्या हाती असणं सहज घडतं. बाजाराच्या लहानपणाचाच तो परिणाम. तेव्हा ‘स्थानिकांचं रक्षण’ म्हणून जी घोषणा ऐकू येते, ती कधी टोपलीत भाजी विकणाऱ्या बाईची असते आणि कधी आयातदाराची. दोघांचा आवाज सारखाच असतो, त्यामुळे फसायला होतं.

आता कुलपाकडे. मॉरिशसमध्ये गुंतवणूकदार म्हणून राहण्या-कमावण्याचा परवाना हवा असेल तर साधारण मार्ग ५०,००० डॉलर आणण्याचा. नवं काही शोधणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे, पण मूळ कल्पना पैशाचीच. आकडे निरनिराळे असले तरी ही कल्पना बेटोबेटी सापडते. तिचा परिणाम असा की ५०,००० डॉलर असलेला माणूस समुद्रकाठी दहावं रेस्टॉरंट उघडू शकतो, आणि ज्याच्याकडे पैसा थोडा पण बोटीची इंजिनं दुरुस्त करण्याचं कसब आहे, किंवा परदेशातून कामाच्या ऑर्डर आणण्याची धमक आहे, तो दारातच अडतो. पैसा मोजायला सोपा असतो. कारकुनाला बँकेचा कागद तपासता येतो, धंद्याची दिशा तपासता येत नाही, आणि नियम कारकुनाच्या सोयीने बनतात.

मॉरिशसचं उदाहरण घेतलं म्हणून कुणी रागावू नये, कारण माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मॉरिशसच आहे. १९६१ साली अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी या बेटाविषयी फार निराश होऊन लिहिलं. लोकसंख्या भराभर वाढते आहे, पीक एकच, ऊस. शांततेने प्रगती होण्याची चिन्हं कमी. मीड यांना पुढे १९७७ साली नोबेल मिळालं, पण मॉरिशसने त्यांची भीती खोटी पाडली. १९६८ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशाने १९७० साली निर्यात उद्योगांसाठी कायदा केला: कच्चा माल जकातीविना आणा, करात सवलत घ्या, माल मात्र बाहेर विका. हाँगकाँगचे कापड-कारखानदार आले. त्यांना बेटावर प्रेम वगैरे नव्हतं. युरोप-अमेरिकेने कपड्यांच्या आयातीवर देशवार मर्यादा, म्हणजे कोटे, घातल्याने हाँगकाँगमधून निर्यात अडत होती आणि मॉरिशसच्या नावाने वाट मोकळी होती. पण त्यांनी शिवलेला एकही स्वेटर पोर्ट लुईच्या शिंप्याचं गिऱ्हाईक पळवत नव्हता. हजारो बायका पहिल्यांदा पगारावर कामाला लागल्या. शेजारीच स्थानिक साखरमालकांनी सत्तरीच्या दशकातल्या तेजीत कमावलेला पैसा याच उद्योगात घातला, आणि पाहुण्यांचं काम पाहून शिकले. १ जानेवारी २००५ रोजी जागतिक कोटापद्धत संपली. पाहुण्यांतले बरेच जण तोवर यंत्रं उचलून निघून गेले होते किंवा निघाले. शिकलेले राहिले.

इथे माझ्या निकषाला एक भोक आहे, ते लपवून उपयोग नाही. त्याच मॉरिशसमध्ये पुढे आणखी एक धंदा फोफावला, ज्याचं गिऱ्हाईक शंभर टक्के समुद्रापलीकडचं होतं: पत्त्यापुरत्या कंपन्यांचा. भारताशी १९८२ मध्ये झालेल्या करारामुळे भांडवली नफ्यावरचा कर वाचत असे, म्हणून भारतात जाणारी गुंतवणूक तिथून वळसा घालून जात असे. २०१६ साली करार बदलला आणि एप्रिल २०१७ पासून ती वाट अरुंद झाली. असल्या धंद्याने काही हिशेबनीस आणि वकील घडवले हे खरं, पण बहुतेक कंपन्यांपाशी पाटीपलीकडे काही नव्हतं. तेव्हा निकष दुहेरी ठेवावा लागतो: गिऱ्हाईक बाहेरचं आणि काम करणारे हात इथले. मॉरिशसच्या कारखान्यांत पुढे बांगलादेशातून कामगार आणावे लागले, तेव्हा या दुसऱ्या अर्ध्यालाही तडा गेला. स्थानिक बायकांनी ती शिवणयंत्रं सोडली होती, कारण त्यांना त्याहून बरी कामं मिळू लागली होती. याला अपयश म्हणायचं की यश, यावर माझं मत अजून पक्कं होत नाही.

बाहेरच्या गिऱ्हाइकाचा धंदा करणाऱ्यालाही एक फायदा मिळतो, ज्याकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. पैसा परकीय चलनात येतो. बेटावर स्थानिक चलनात कमवायचं आणि यंत्राचा हप्ता डॉलरमध्ये भरायचा, हे गणित एका रात्रीत कोसळू शकतं. सेशेल्सने २००८ साली कर्जफेड थांबवली. श्रीलंका लहान बेट नव्हे, दोन कोटींहून जास्त वस्तीचा देश. तरी २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यालाही परकीय कर्ज फेडणं थांबवावं लागलं आणि डॉलर औषधाला मिळेनासा झाला. मालदीवमध्ये रुफियाचा अधिकृत दर एक आणि बाजारात डॉलर घ्यायला गेलं की दर दुसराच. नफा कागदावर आहे, पण घरी पाठवता येत नाही, अशा अवस्थेत कित्येक परदेशी दुकानं चालू असतात.

अर्थात बाहेरचं गिऱ्हाईक म्हणजे देव नव्हे. जर्मनीने २००२ साली यकृताच्या त्रासाचं कारण देऊन कावा या झाडाच्या मुळीपासून बनणाऱ्या औषधांवर बंदी घातली, आणि वानुआतु-फिजीतल्या, ही मुळी लावणाऱ्या शेतकऱ्यांचं उत्पन्न एका दूरच्या कचेरीने कापलं. ती बंदी कोर्टाने उठवली ती २०१४ मध्ये. मधली बारा वर्षं गेली ती गेलीच. सरकारंही लहरी असतात. मालेच्या विमानतळाचं कंत्राट २०१० मध्ये भारतीय कंपनी जीएमआरच्या गटाला मिळालं आणि २०१२ मध्ये नव्या सरकारने ते रद्द केलं. लवादाने २०१६ साली सुमारे २७ कोटी डॉलरची भरपाई ठरवली, जी एवढ्याशा देशाच्या तिजोरीतून गेली. जीएमआरला लवाद परवडतो. चार खोल्यांचं अतिथिगृह चालवणाऱ्याला नाही. त्याचं संरक्षण एकच: तो गेला तर गावाचं काही बिघडेल का?

नोकरीसाठी जाणाऱ्यांनाही हेच लागू पडतं, फक्त त्यांच्या बाबतीत नियम जास्त ढोंगी आहेत. परवाना एका मालकाशी बांधलेला. मालकाने काढलं की देश सोडा. बदल्यात अट अशी की तुमच्या हाताखाली स्थानिक माणूस तयार करा. अट कागदावर छान दिसते. पण जो माणूस तयार झाला की माझा परवाना संपणार, त्याला मी मन लावून का शिकवीन? मग तो शिकाऊ वर्षानुवर्षं फायली लावतो आणि अहवालात ‘प्रशिक्षण चालू’ असं लिहिलं जातं. शिवाय शिकलेला टिकेल याची खात्री कुणाला? न्यूझीलंडने २००७ साली हंगामी मजुरांची योजना सुरू केली, ऑस्ट्रेलियानेही तशीच केली, आणि सामोआ, टोंगा, वानुआतुतले धडधाकट हात सफरचंदं तोडायला जाऊ लागले. फिजीतल्या नर्सेस आणि शिक्षकही याच दिशेने निघाले आहेत. त्या रिकाम्या जागी आणखी दूरचे लोक आणले जातात. मालदीवमध्ये आज दर चार रहिवाशांमागे साधारण एक परदेशी आहे.

माझ्या मते ही अट उलटी करायला हवी. दोन माणसं तयार केलीत, ती तुमच्याशिवाय काम चालवताहेत, तर तुम्हाला मालक बदलण्याची मोकळीक आणि लांब मुदतीचं वास्तव्य. शिकवल्याची शिक्षा नको, बक्षीस हवं. मुदतीला मी एवढं महत्त्व देतो ते फिजीतल्या उसामुळे. तिथले भारतीय वंशाचे शेतकरी परके नव्हते, चार-चार पिढ्यांचे नागरिक होते. पण जमीन १९७६ च्या कायद्याखाली तीस वर्षांच्या पट्ट्याने. १९९७ पासून पट्टे संपू लागले, अनेकांचे वाढले नाहीत, कुटुंबं उठून शहराकडे गेली आणि कितीतरी शेतांत पुन्हा रान माजलं. जमीनमालकांचा हक्क मी नाकारत नाही. पण पट्ट्याची पाच वर्षं उरलेला माणूस त्या शेतात नारळ लावत नाही, हेही नाकारता येत नाही. तीन वर्षांच्या परवान्यावर आलेला परदेशी तसाच वागतो: तीन वर्षांत निघेल तेवढं काढायचं.

परवान्याच्या अर्जात दोन रकाने वाढवले तर काय होईल, असा विचार मी करतो. गेल्या वर्षभरात तुमचे पैसे कुठून आले, बेटावरून की बाहेरून? आणि तुम्ही महिनाभर आजारी पडलात तर तुमचं काम इथला कोण करील, नाव लिहा. शीतगृहं दुरुस्त करणारा एखादा माणूस समजू या. मासळी बाहेर पाठवणाऱ्यांचं काम त्याच्यावाचून अडतं, शेजारच्या दोन पोरांना त्याने गॅस भरायला आणि कॉइल बदलायला शिकवलं आहे, दुसऱ्या रकान्यात त्यांची नावं तो सहज लिहील. आज तो खिडकीपाशी उभा राहिला की पलीकडचा कारकून वर न पाहता बँकेचं पत्र मागतो.